गोजरबाईंच्या कडीला टांगलेली छत्री

मी एक जुनी छत्री आहे. हो, जुनीच! माझ्या दोन काड्या मोडल्या आहेत, कापडाला तीन भोकं आहेत आणि मला उघडायचं म्हणजे गुडघ्यात धरून ओढावं लागतं. हे सगळं मीच आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला हसायला काही शिल्लक राहायला नको. पण मित्रांनो, एके काळी सेलू गावात मी दाराच्या कडीला नुसती लटकले तरी चांगले मिशीवाले बाप्ये गल्लीच्या तोंडाशी मुकाट्याने थांबत असत. पोलिसाला शिट्टी फुंकून जे जमत नाही, ते मला मिटल्या अवस्थेत जमत असे!

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला; पण माझं खरं आयुष्य सुरू झालं ते १९४९ साली, परभणीच्या बाजारात. दुकानात आम्ही वीस-पंचवीस छत्र्या दोरीला ओळीने टांगलेल्या होतो. एक उंच, काटकुळा माणूस आला. त्याने एकीलाही उघडून पाहिलं नाही. प्रत्येकीची मूठ तेवढी हाताळली. माझी मूठ वाकडी, काळ्या लाकडाची, बकऱ्याच्या शिंगासारखी वळलेली. ती हातात येताच तो मला घेऊन सरळ दुकानाच्या दाराशी गेला, कडीत मूठ अडकवली, हात सोडला आणि चार पावलं मागे जाऊन माझ्याकडे बघत उभा राहिला.

"अजी जनाब, छतरी सर पे पकडते, दरवाजे कू नहीं!" दुकानदार म्हणाला.

"तुमी धरा डोक्यावर. माझा धंदाच दाराचा हाय," तो म्हणाला.

हा माझा मालक वैजीनाथ. सेलूत तो घरांची दलाली करत असे. ज्याला घर भाड्याने हवं त्याला घर दाखवायचं आणि ज्याचं घर रिकामं त्याला माणूस आणून द्यायचा, हे त्याचं काम. त्या वर्षांत तर गावात नुसती ये-जा चालली होती. निजामाचं राज्य गेलं होतं, जुने कारकून सामान बांधून हैदराबादेकडे निघाले होते. नवे साहेब, नवे मास्तर उतरत होते. जिनिंगचा हंगाम आला की बाहेरगावचे मुनीम यायचे. सगळ्यांना घर पाहिजे, आणि घरं मोजकी!

आता तुम्ही म्हणाल, यात छत्रीचं काय काम? तेच तर सांगते. सेलूच्या दलालांची एक रीत होती. दलाल माणूस घेऊन घरात शिरला की आपली छत्री बाहेर कडीला अडकवून ठेवायचा. ज्याच्याकडे छत्री नसेल तो काठी अडकवायचा. याचा अर्थ, आत घर दाखवणं चाललं आहे, मध्ये येऊ नका. मग दुसरा दलाल आपला माणूस घेऊन आला तरी तो गल्लीच्या तोंडाशी थांबे, बिडी ओढे, हवापाण्याच्या गप्पा मारे. आतल्या माणसाने घर पसंत केलं की विषयच संपला. सुपारी होईपर्यंत किंवा नकार येईपर्यंत त्या घराकडे दुसऱ्या कुणी फिरकायचं नाही. सुपारी म्हणजे इसाराची सुपारी. घरवाल्याने ती हातात घेतली की घर दिलं. कागद नाही, शिक्का नाही. रस्त्यात दुसऱ्या दलालाचा माणूस भेटला, तर त्याला नुसता राम राम करायचा, "घर बघायलेत का?" असं विचारायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं; पण सगळे पाळत होते.

आणि त्या सगळ्यांत माझा मान मोठा होता, बरं का! वैजीनाथची छत्री कडीला असली की घरवाल्या बायका न विचारता दार उघडत. म्हातारा दलाल आश्रुबा मला बघून गमतीने हात जोडायचा आणि म्हणायचा, "छत्रीबाई, तुमचं चालू द्या. आमी तवर चहा पितो." मी कडीला झुलत फुगून जायची. ऊन तर ऊन! मी डोक्यावर कमी आणि दारावर जास्त राहिले, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

बन्सीधर आमच्यात आला तो या भरभराटीच्या दिवसांत. तो आधी कापसाच्या बाजारात मापाडी होता. तिथे भांडण होऊन काम गेलं. तिशीचा, बायकोपोरांचा माणूस, वैजीनाथच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, काय बी काम सांगा." वैजीनाथने त्याला गल्ल्या दाखवल्या, घरवाल्यांशी ओळखी करून दिल्या. घर दाखवताना आधी आड दाखवायचा आणि मग वरचं मातीचं माळवद, हेसुद्धा शिकवलं. बन्सीधर मला उन्हात वाळवायचा, माझ्या काड्यांना तेल लावायचा. मला तो आवडायचा. हे सांगताना आजही माझं कापड आकसतं, पण खोटं कशाला बोलू?

सन १९५७. ऊन असं की दुपारी कुत्रीसुद्धा गटाराच्या ओलीत पोट टेकून पडायची. शाळा उघडायला दहा-बारा दिवस होते. कस्तुराबाई नावाच्या एक शिक्षिका बदली होऊन सेलूला आल्या. त्यांचे यजमान वारलेले. बरोबर बारा वर्षांची मुलगी, कोकिळा. मायलेकी धर्मशाळेत उतरल्या होत्या, आणि तिथे आठवड्याच्या वर राहता येत नव्हतं.

"वैजीनाथराव, मला मोठं घर नको," कस्तुराबाई म्हणाल्या. "दोन खोल्या पुरे. पण घर मिळालं नाही तर मला हिला ताडकळसला मामाकडे ठेवावं लागेल. तिथे मुलींना चौथीच्या पुढे कुणी शिकवत नाही. मग हिची शाळा संपलीच."

"मी शेळ्या राखीन," कोकिळा म्हणाली. "शेळ्यांना मी इंग्रजी शिकवीन."

"गप गं," आई म्हणाली. पण तिला हसू आलं.

वैजीनाथने दोन दिवस गाव पालथं घातलं. जिथे जाई तिथे एकच, "एकटी बाई? न्हाई बुवा." शेवटी गोजरबाईंचं घर निघालं. गोजरबाईंचा मुलगा पूर्णा जंक्शनला रेल्वेत लागला होता आणि त्या त्याच्याकडे राहायला निघाल्या होत्या. दोन खोल्या, मागे न्हाणी, परसात आड. वैजीनाथने मला कडीला अडकवलं आणि तिघं आत गेली. मी बाहेर, मला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं.

"एकटी बाई, न नवरा न दीर," हा आवाज गोजरबाईंच्या दिराचा, आप्पारावांचा. "उद्या गल्लीनं बोटं दाखवली म्हंजी?"

"तुमी तोंड मिटून बसलात तर गल्ली काय बोलायची न्हाई, भावजी," गोजरबाई म्हणाल्या. "मास्तरीणबाई, घर लय आवडलं का?"

"मला खिडकी आवडली," मध्येच कोकिळा. "तिच्या कोनाड्यात माझी पुस्तकं बरोबर बसतात. मी मापून पाहिलं."

"बघा! पोरीनं तर बिऱ्हाड मांडलं." गोजरबाई खळखळून हसल्या. "पण आज अवस हाय बाई. अवसेला मी सुपारी घेत न्हाई. उद्या दुपारी घेऊन या. घर तुमचंच समजा."

बाहेर आल्यावर कोकिळेने मला कडीवरून काढलं आणि गरकन फिरवलं. "मामा, ही आत का येत नाही?"

"ती माझी चपराशी हाय," वैजीनाथ म्हणाला. "भाईर उभी राहून सांगती, साहेब कामात हायत." मग तो कस्तुराबाईंकडे वळला. "बाई, उद्या आधी मी एकटा येतो. आप्पारावाची समजूत काढतो. तुमच्या देखत तो ताठून बसंल. तुमी आलात आन् छत्री कडीला दिसली, तर समजा मी आत बोलायलोय. भाईर थांबा. मी हाक मारीन."

"थांबेन," कस्तुराबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी वैजीनाथने ही सगळी हकीकत बन्सीधरला मोठ्या आनंदाने सांगितली. का नाही सांगणार? आपल्याच माणसाला तर सांगत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चहाच्या हाटेलात बसलो होतो. वैजीनाथ निघायच्या बेतात होता, तेवढ्यात बन्सीधर घामाने निथळत आला.

"दादा, टेशनावर पावणा उतरलाय, त्याला आणाया जातो. डोकं फुटायलंय उन्हानं. छत्री द्या की घटकाभर."

"मला गोजरबाईकडं जायचंय रे."

"हा गेलो आन् हा आलो! तुमचा चहा निवायच्या आत."

आणि वैजीनाथने मला त्याच्या हातात दिलं.

बन्सीधर स्टेशनवर गेला, हे खरं. तिथून त्याने एका जिनिंगच्या मुनिमाला बरोबर घेतलं, हेही खरं. मी दोघांच्या डोक्यावर सावली धरून चालले होते. पण हाटेलाकडे वळायच्या कोपऱ्यावर तो वळला नाही. तो गोजरबाईंच्या गल्लीत शिरला. मला वाटलं, वाट चुकला असेल. मग वाटलं, मला परस्पर तिथे नेऊन ठेवत असेल. माझा भोळेपणा बघा! दारापाशी येऊन त्याने गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, मला मिटलं आणि माझी मूठ कडीत अडकवली. त्याचा हात ओला होता.

"मावशी, दार उघडा! दादांनी पाठवलंय."

गोजरबाईंनी दार उघडलं. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "या," त्या म्हणाल्या, आणि दार लोटलं गेलं.

"त्या मास्तरीणबाई?" आतून आवाज आला.

"त्यांनी नको म्हणलं, मावशी. लहान पडतंय म्हणल्या. दादांनीच ह्यांना आणाया सांगितलं. लेकुरवाळा माणूस हाय, बायको-पोरं घेऊन ऱ्हायचंय."

"हे बेस झालं," आप्पाराव म्हणाले.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर! पण छत्रीला उघडणं आणि मिटणं एवढंच येतं, आणि तेही दुसऱ्याच्या हाताने.

आणि मग गल्लीच्या तोंडाशी कस्तुराबाई दिसल्या. धुतलेलं पातळ, हातात पानसुपारीची पुडी. कोकिळा पुढे उड्या मारत येत होती. कस्तुराबाईंनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला! "आले आहेत वैजीनाथराव," त्या म्हणाल्या आणि समोरच्या भिंतीच्या हातभर सावलीत जाऊन उभ्या राहिल्या.

"आई, आत जाऊ ना."

"नाही. छत्री आहे. त्यांनी थांबायला सांगितलंय."

"नुसती कडी तर वाजवू!"

"दुसऱ्याचं बोलणं चालू असताना कडी वाजवत नाहीत, कोकिळे."

त्या मला बघून थांबल्या होत्या. मला! मी तिथे लटकत होते आणि माझ्या मागे, चार बोटं जाड फळीच्या पलीकडे, त्यांचं घर दुसऱ्याला दिलं जात होतं. सावली भिंतीला सरकत सरकत त्यांच्या पायांपर्यंत आखडली. तरी त्या थांबल्या.

तेवढ्यात आश्रुबा गल्लीतून जाताना दिसला. मला पाहून त्याने नेहमीसारखे हात जोडले, आवाज खाली आणला आणि कस्तुराबाईंना म्हणाला, "वैजीनाथ आत हाय, बाई. काळजी करू नका. त्याचा शब्द म्हंजी झालंच समजा." आणि तो हाटेलाकडे निघून गेला.

पुढचं मी नंतर आश्रुबाच्याच तोंडून ऐकलं. हाटेलात शिरला तर समोर वैजीनाथ! चहाचा पेला कधीच रिकामा झालेला आणि हा दाराकडे डोळे लावून बसलेला.

"अरे, तू हितं? मग तिथं आत कोण हाय?"

"मी छत्रीची वाट बघायलोय. छत्रीबिगर जाऊन कडीला काय अडकवू, टोपी?"

"छत्री तर गोजरबाईच्या कडीला हाय!"

वैजीनाथ पळत सुटला. मी त्याला आठ वर्षांत कधी पळताना पाहिलं नव्हतं. तो धापा टाकत दारापाशी आला, आणि त्याच क्षणी दार उघडलं. मुनीम बाहेर पडला, कपाळाला कुंकू. त्याच्या मागे बन्सीधर. त्याच्या मागे गोजरबाई, आणि त्यांच्या हातात सुपारी.

कस्तुराबाईंनी एकदा दारातल्या बन्सीधरकडे पाहिलं, एकदा बाहेर उभ्या वैजीनाथकडे. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"बन्सी," वैजीनाथ म्हणाला. नुसतंच नाव.

"काय झालं दादा? मी कुणाच्या मधी शिरलो का? कडीला छत्री अडकवली, घर दाखवलं. रीतीपरमानं."

"छत्री माझी हाय!"

"छत्रीवर काय नाव लिवलंय?" बन्सीधर हसला, पण वर न बघता.

"वैजीनाथ," गोजरबाई म्हणाल्या, "तुमीच पाठवलं म्हणला हा. तुमची छत्री बघून मी दार उघडलं. छत्री तुमची म्हणलं मी, मंग माणूस बी तुमचाच असंल."

"मावशी, सुपारी परत करा."

"घेतलेली सुपारी परत करीत न्हाईत आमच्यात," आप्पाराव मध्ये पडले. "शब्द म्हंजी शब्द."

तेव्हा कोकिळा पुढे आली. उन्हाने तोंड लाल झालेलं. "आणि आजी, तुम्ही काल म्हणालात घर तुमचंच समजा, तो कशाचा शब्द होता?"

गोजरबाईंनी मूठ घट्ट मिटली आणि मान खाली घातली. कस्तुराबाईंनी मुलीचा दंड धरला, वैजीनाथला नमस्कार केला आणि त्या चालू लागल्या. पानसुपारीची पुडी हातातच होती.

वैजीनाथने त्यानंतर दोन दिवस दारोदार विचारलं. घर मिळालं नाही. शाळेतल्या दुसऱ्या एका शिक्षिकेच्या खोलीत एका खाटेपुरती जागा निघाली. एकाच. कोकिळेला पूर्णेच्या गाडीत बसवायचं ठरलं. तिथून मामा बैलगाडीने तिला ताडकळसला नेणार होता.

स्टेशनवर वैजीनाथ मला घेऊन गेला. फलाटावर सावली कुठेच नव्हती. त्याने मला उघडलं आणि मायलेकींच्या डोक्यावर धरलं.

"बाई, छत्री माझी होती. माझीच चूक."

"चूक माझी, वैजीनाथराव," कस्तुराबाई म्हणाल्या. "कडी वाजवायला एक क्षण पुरला असता. मी रीत पाळत बसले."

कोकिळेने एकदा वर माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे दोन पावलं बाजूला झाली आणि उन्हात जाऊन उभी राहिली. वैजीनाथने मला तिच्याकडे कलवलं. ती आणखी दोन पावलं सरकली. गाडी येईपर्यंत ती तशीच उभी होती. कपाळावरचा घाम पुसत. पण माझ्या सावलीत आली नाही.

माझ्या काड्या पुढे गंजून मोडल्या, कापड उंदरांनी कुरतडलं. पण मी मोडले ती त्या फलाटावर.

बन्सीधरला जाब विचारायला आश्रुबाने सगळ्या दलालांना हाटेलात जमवलं. बन्सीधर आला आणि म्हणाला, "एवढं काय त्यात? कायदा हाय का छत्रीचा?" दोघं-तिघं हसले. हसणारे पुढच्याच महिन्यात तसंच करायला लागले. कुणी रिकाम्या घराला छत्री अडकवून निघून जाई, कुणी दुसऱ्याची काठी उचलून आणी. वर्षभरात सेलूच्या एकाही कडीवर कुणाचा विश्वास उरला नाही. छत्री दिसली तरी लोक धडाधड दार वाजवू लागले, दोन-दोन दलाल एका उंबऱ्यावर हमरीतुमरीवर येऊ लागले. बन्सीधरचीही घरं अशीच पळवली गेली. पण त्याचं मला सुख झालं नाही.

वैजीनाथने मला पुन्हा कडीला लावलं नाही. तेलपाणी थांबलं. मला खुंटीवर टांगलं ते टांगलंच. त्याचा राग माझ्यावर नव्हता, हे मला ठाऊक आहे. तरी ज्या हाताने मला एवढा मान दिला, तो हात मला बघून बाजूला वळायचा, हे सोसायला फार जड गेलं. मला कुणी विचारलंच नाही की तुझी बाजू काय!

ती बाजू आज तुम्हाला सांगितली. मित्रांनो, मला तेल लावा, भोकं शिवा, असं मी म्हणणार नाही. माझं वय झालं. पण कुणाची वस्तू मागून न्याल, तेव्हा एवढं ध्यानात ठेवा की तिच्याबरोबर त्या माणसाचं नावही तुमच्या हातात येतं. वस्तू मळली तर धुता येते, फाटली तर शिवता येते. नावाचं तसं नाही. आणि दाराबाहेर कुणी शहाणपणाने, काही न बोलता थांबलेलं दिसलं, तर त्याला भित्रा समजू नका, बावळट समजू नका. तो तुमच्यावर विश्वास ठेवून उन्हात उभा आहे. आतलं काम सोडा, उठा, आणि आधी त्याला दार उघडा.